स्कॉटलंडमध्ये चार आठवडे जंगल पूर्ववत करण्याचं काम: व्हिजिटर व्हिसावर चालतं का, आणि नेमकं कुठलं काम धरावं?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. पुढच्या वर्षी आम्ही दोघी मैत्रिणी (वय २७ आणि ३१, पदवीधर, नोकरीत) स्कॉटलंडला जाऊन चार आठवडे जंगल किंवा दलदल पूर्ववत करण्याच्या कामाला हात लावायचं म्हणतो आहोत. साताऱ्याजवळच्या टेकड्यांवर घाणेरी काढणं, खड्डे, रोपं, उन्हाळ्यातलं पाणी एवढं येतं. डोंगर चढायची सवय आहे. रजा जून-जुलैत किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरात मिळू शकते.

एका एजन्सीने भलामोठा खर्च सांगितला आणि वर 'टुरिस्ट व्हिसा काढा, कामाचं बोलूच नका' असा सल्ला दिला. तो पटला नाही. म्हणून विचारते: व्हिसा कुठला? कुठल्या महिन्यात कुठलं काम असतं? कपडे, आजारपण, शाकाहारी जेवण यांचं काय? आणि चार आठवड्यांच्या माणसाचा तिथल्या लोकांना खरंच उपयोग होतो, की आमच्यामागे त्यांचाच वेळ जातो?

---

हिरवा_शिक्का

एजन्सीचा सल्ला सरळ बाजूला ठेवा. हेतू लपवून काढलेला व्हिसा विमानतळावर बॅगेतल्या एका पत्राने रद्द होऊ शकतो, आणि तो नकार पुढच्या प्रत्येक अर्जात लिहावा लागतो. लपवण्यासारखं काही नाहीच मुळी, कारण नियमात सोय आहे.

ब्रिटनच्या साध्या व्हिजिटर व्हिसावर स्वयंसेवा करता येते. अटी दोन. सगळी मिळून ३० दिवसांपेक्षा जास्त नको, आणि ती नोंदणीकृत चॅरिटीसाठीच, म्हणजे धर्मादाय संस्थेसाठीच हवी. 'सगळी मिळून' हे शब्द महत्त्वाचे. एका ठिकाणी दोन आठवडे आणि दुसरीकडे दोन आठवडे म्हणजे २८ दिवस, इथवर ठीक. तिसरीकडे आणखी एक आठवडा धरलात की नियम मोडला. स्वतःचं फिरणं यात मोजत नाहीत.

दुसऱ्या अटीवर पुष्कळ जण घसरतात. एखाद्या खासगी इस्टेटीवर किंवा शेतावर राहणं-खाणं घेऊन त्या बदल्यात झाडं लावली, तर ते व्हिजिटरला मनाई असलेलं काम ठरतं, हातात एक पेनी पडली नाही तरी. सरकारी वनखातं हीसुद्धा चॅरिटी नव्हे, हेतू कितीही चांगला असो. स्कॉटलंडमधल्या चॅरिटीचा नोंदणी क्रमांक 'एससी' या अक्षरांनी सुरू होतो आणि तिथल्या चॅरिटी नियामकाच्या संकेतस्थळावर नाव टाकून दोन मिनिटांत तपासता येतो. इंग्लंडमध्ये नोंदलेल्या आणि स्कॉटलंडमध्येही काम करणाऱ्या संस्थाही चालतात.

संस्थेकडून येणाऱ्या पत्रात या गोष्टी हव्यात: संस्थेचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक, तुमची नावं पासपोर्टप्रमाणे, कामाच्या नेमक्या तारखा, काम स्वयंसेवेचं आहे आणि पगारी माणसाच्या जागी नाही असं स्पष्ट वाक्य, आणि राहण्याची सोय कोण करणार. राहायला मोफत मिळणार असेल तर ती सगळ्या स्वयंसेवकांसाठी असलेली सोय म्हणून लिहिलेली असावी. 'कामाच्या बदल्यात खोली' असा अर्थ निघाला की अडचण. अर्जात प्रवासाचा हेतू लिहितानाही स्वयंसेवा, संस्था, तारखा हे सगळं पत्राशी जुळेल असंच लिहा.

अर्ज प्रवासाच्या तारखेआधी तीन महिन्यांच्या आत करता येतो, त्याआधी नाही. निर्णय साधारण तीन आठवड्यांत येतो. बोटांचे ठसे पुण्यात देता येतात. नोकरीचं आणि मंजूर रजेचं पत्र, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र जोडा. अर्जाच्या आदल्या आठवड्यात काका-मामांकडून खात्यात मोठी रक्कम भरून घेऊ नका, ती कुठून आली हे सांगता आलं नाही की नकार येतो. गावची जमीन दाखवायची म्हणून सातबारा जोडणार असाल तर नुसता मराठी उतारा उपयोगाचा नाही. इंग्रजी भाषांतर, भाषांतरकाराची सही, तारीख आणि संपर्क लागतो.

जास्त दिवस राहायचं झालं तर चॅरिटी वर्कर नावाचा वेगळा व्हिसा आहे, कमाल बारा महिन्यांचा. त्यासाठी संस्थेकडे प्रायोजकत्वाचा परवाना असावा लागतो आणि लहान संस्था त्या भानगडीत सहसा पडत नाहीत. १,२७० पौंड सलग २८ दिवस खात्यात दाखवावे लागतात, आणि सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं तर क्षयाच्या तपासणीचा दाखलाही. तुमच्यातल्या २७ वर्षांच्या मैत्रिणीला भारत-ब्रिटन यंग प्रोफेशनल्स योजनेच्या सोडतीतही नाव घालता येईल. वय १८ ते ३०, पदवी, २,५३० पौंड शिल्लक, दोन वर्षांचा व्हिसा. ३१ वर्षांच्या ताईंना ती वाट बंद. चार आठवड्यांसाठी मात्र यातलं काहीच लागत नाही.

---

बर्चबन

व्हिसाचं वर आलंच आहे. कामाबद्दल माझं म्हणणं एवढंच की जागा शेवटी ठरवा. आधी महिना, मग त्या महिन्यात नवख्या हातांना जमणारं काम, आणि ते काम करणारी संस्था जिथे आहे तिथे जा. लोक फोटोतली दरी पाहून जागा धरतात आणि तिथे पोचल्यावर कळतं की त्या महिन्यात रोपं लावतच नाहीत.

तुमच्या दोन रजांचा हिशोब वेगवेगळा मांडतो.

जून-जुलै. झाडं लावायचा हंगाम नाही. उघड्या मुळांची रोपं झाड झोपलेलं असताना म्हणजे नोव्हेंबर ते मार्चमध्ये लावतात, ट्रेमधली रोपं ऑक्टोबर-नोव्हेंबरात किंवा वसंतात. झुडपांची तोडही या काळात नसते, कारण मार्च ते ऑगस्ट पक्ष्यांची घरटी असतात आणि वापरातलं घरटं मोडणं हा १९८१च्या कायद्याने गुन्हा आहे. मग उरतं काय? नदीकाठचा बाल्सम, रोपवाटिकेतली निंदणी, आणि उत्तरेकडच्या पीटच्या (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांच्या) दलदलीतून परदेशी सूचिपर्णींची रोपटी उपटणं.

बाल्समबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण ती वनस्पती आपल्याकडून गेलेली आहे. हिमालयन बाल्सम म्हणजे आपल्या तेरड्याच्याच कुळातला, काश्मीर ते उत्तराखंड पट्ट्यातला उंच तेरडा. १८३९ साली बागेसाठी ब्रिटनमध्ये नेला. हिमालयात त्याला खाणारे किडे आणि तांबेरा आहे, तिथे काहीच नव्हतं. दोन-अडीच मीटर वाढतो, एका झाडाला आठशेपर्यंत बिया येतात आणि शेंग फुटली की बी सात मीटरपर्यंत उडतं. वर्षायू असल्यामुळे थंडीत सगळा मरतो. त्याच्या सावलीत दुसरं काही उगवलेलं नसतं, मग हिवाळी पुरात उघडा काठ वाहून जातो. २०१४पासून भारतातून नेलेला तांबेरा मुद्दाम सोडून पाहत आहेत, पण तो सगळीकडे सारखा रुजत नाही. त्यामुळे हाताने उपटणं सुटलेलं नाही.

उपटणं सोपं, पण त्याला शिस्त लागते. सुरुवात नदीच्या वरच्या अंगाकडून करायची. खाली कितीही साफ केलंत आणि वर एक पुंजका राहिला, तर पुढच्या पुरात बी पुन्हा खालीच येणार. मुळं उथळ असतात. जमिनीलगत धरून सरळ वर ओढा. वरून धरलं की खोड मधेच मोडतं, आणि सर्वांत खालचं पेर जमिनीत राहिलं तर त्याला फुटवे फुटून सप्टेंबरात बुटकं झाड फुलतं. बघणाऱ्याला वाटतं काम झालं, आणि बी पडून गेलेलं असतं. उपटलेला माल पुराच्या रेषेच्या वर, खोडं पायाने चिरडून, मुळं हवेत राहतील असा ढीग करून ठेवतात. ओल्या मातीवर नुसता टाकला तर पेरांना मुळं फुटून तो पुन्हा उभा राहतो. फुलं दिसली तरी उपटा, शेंगा भरल्या की थांबा: त्या वेळी हात लावणं म्हणजे पेरणी करणं. पहिल्या फेरीत गवताखाली लपलेली लहान झाडं राहतातच, म्हणून तीनेक आठवड्यांनी दुसरी फेरी हवी. बी जमिनीत साधारण दोन वर्षं जिवंत राहतं, त्यामुळे एकाच काठावर सलग तीन हंगाम जाणारा गटच उपयोगाचा. 'गेल्या वर्षी हाच काठ केला होता का' हे संस्थेला नक्की विचारा.

त्याच काठांवर जायंट हॉगवीड असतो. पानं ओळखायला पहिल्याच दिवशी शिका आणि हात लावू नका. त्याचा रस कातडीला लागून ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात आणि डाग बराच काळ राहतात. जपानी नॉटवीडलाही स्वयंसेवकाने विळा लावायचा नसतो, मुळाच्या नखाएवढ्या तुकड्यापासून तो पुन्हा उगवतो.

उत्तरेचा फ्लो कंट्री हा पीटचा प्रदेश जुलै २०२४मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात आला. सुमारे १ लाख ८७ हजार हेक्टर. १९८०च्या दशकात कराच्या सवलतीपायी तिथे दलदलीला चर मारून सिटका स्प्रूस आणि लॉजपोल पाइन लावले. १९८८ साली सवलत बंद झाली, पण उरलेल्या लागवडीतून बी उडून मोकळ्या दलदलीत रोपटी उगवतच राहतात. गुडघ्याखालची असली तर मुळासकट निघतात. मोठी असली तर करवतीने सर्वांत खालच्या हिरव्या फांद्यांच्या खाली कापायची. वर कापलं की उरलेली आडवी फांदी वळून शेंडा होते आणि पाच वर्षांनी तिथे झाड उभं. चालताना स्फॅग्नम शेवाळाच्या ओल्या गालिच्यावर पाय न देता गवताच्या उंचवट्यांवरून जायचं. तेच शेवाळ पाणी धरून ठेवतं आणि पीट तयार करतं, आणि पायांनी तुडवल्यावर भरून यायला त्याला वर्षं लागतात. फोर्सिनार्डला पक्षीसंरक्षण संस्थेचं, म्हणजे आरएसपीबीचं, क्षेत्र आहे आणि रेल्वे स्टेशन अगदी दारात, गाडीशिवायही पोचता येतं.

ऑक्टोबर-नोव्हेंबर. तुम्ही घाणेरी काढता म्हणून माझं मत याच हंगामाला. पश्चिम किनाऱ्यावर, अर्गाइल आणि लोखाबरकडे, थंड प्रदेशातलं पर्जन्यवन आहे: ओक, हेझल, आणि त्यांच्यावर दगडफूल-शेवाळांचे थर. त्याला रोडोडेंड्रॉन पाँटिकम गिळतो आहे. हा हिमालयातला बुरांश नव्हे, स्पेन-पोर्तुगाल आणि तुर्कस्तानकडची जात, १७६३मध्ये ब्रिटनमध्ये आलेली. त्याच्याखाली काळोख होतो, रोप उगवत नाही, आणि म्हातारी झाडं मेली की मागे फक्त तोच उरतो.

तो काढण्याचं तत्त्व तुमच्या ओळखीचं आहे. घाणेरीत मुख्य मूळ मातीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर कापून झुडूप उलटं टाकतात, कारण फुटवे देणारे डोळे त्या सांध्यात असतात. रोडोडेंड्रॉनचेही सुप्त डोळे बुंध्याच्या तळाशी असतात, मुळांना नसतात. म्हणून बुंधा पहारीने किंवा पायाच्या जोराने मुळापासून उचकटून डोळ्यांच्या खाली तोडायचा. मुळं जमिनीत राहिली तरी चालतं, बुंध्याचा छोटा तुकडा राहिला तर चालत नाही. त्याआधी जमिनीला टेकून मूळ धरलेल्या सगळ्या फांद्या शोधून उपटाव्या लागतात, आणि फसतं ते इथेच: मधला बुंधा काढून सगळे चहाला बसतात आणि कडेची सहा पिल्लं तशीच राहतात. कापलेल्या फांद्यांचे ढीग मोजक्याच जागी रचायचे. पानं लवकर कुजत नाहीत, सगळीकडे पसरली तर शेवाळ गुदमरतं. हाताने न निघणाऱ्या बुंध्यांवर औषध लावायचं काम प्रमाणपत्र असलेल्या माणसाचं. चेनसॉचंही तेच. कुणी तुमच्या हातात विनाप्रमाणपत्र चेनसॉ दिली तर ती संस्था सोडा.

रोपं लावण्याचंही याच काळात मिळेल. डोंगरावर बहुधा ट्रेमधली रोपं असतात, वीत-दीड वीत उंचीची: बर्च, स्कॉट्स पाइन, रोवन, ओल्यात अल्डर आणि विलो. अरुंद पात्याच्या फावड्याने वरचं गवत आणि हेदर (तिथलं बुटकं डोंगरी झुडूप) फूटभर सोलायचं, चीर पाडायची, रोप मुळांच्या गड्ड्यासकट आत, आणि गड्ड्याच्या वर दोनेक सेंटिमीटर माती यायला हवी. नवखे इथे हमखास चुकतात. गड्डा उघडा राहिला की वारा त्यातलं पाणी शोषून घेतो, आणि हिवाळ्यात जमीन गोठून फुगते तेव्हा रोप बुचासारखं वर ढकललं जातं. मूळ खाली वळून इंग्रजी 'जे'सारखं बसलं तर झाड दहा वर्षांनी वाऱ्यात कलतं. टाचेने दाबा, मग दोन बोटांत शेंडा धरून हलकेच ओढून पाहा. वर आलं तर पुन्हा लावा. रोपांच्या पिशवीचं तोंड प्रत्येक वेळी बंद करा, उघड्या मुळांची बारीक तंतुमुळं वाऱ्यात काही मिनिटांत मरतात.

नैसर्गिक जंगलासाठी हेक्टरी १,६०० रोपं हे नेहमीचं प्रमाण, म्हणजे सरासरी अडीच मीटर अंतर. पण दोरी लावून रांगा नसतात. गटागटाने, मधे मोकळं सोडत लावतात. जमीन बघून जात निवडणं हे खरं कौशल्य: नेच्याची ब्रॅकन ही जात जिथे माजली असेल तिथली माती खोल आणि चांगली असते, तिथे हेझल, ओक. उंचवट्यावर पाइन, बर्च. कंत्राटी माणसं दिवसाला हजाराच्या पुढे रोपं लावतात. तुम्ही शंभर नीट लावलीत तरी पुष्कळ झालं.

---

कोयनाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. रोडोडेंड्रॉनचं वाचून ऑक्टोबरकडे कल झाला आहे. पण एक शंका. एवढी रोपं लावतात, मग जंगल आपोआप का येत नाही? आपल्याकडे चराई थांबवली की पाच वर्षांत टेकडी हिरवी होते.

---

डोंगरउतार

मूळ प्रश्न हाच आहे, आणि उत्तर बव्हंशी एका प्राण्यापाशी येतं: हरीण. कॅलेडोनियन पाइनचं, म्हणजे स्कॉटलंडचं मूळचं पाइनचं, जंगल मूळ विस्ताराच्या जेमतेम एक-दोन टक्के उरलं आहे. लांडगा आणि लिंक्स हे रानमांजर संपले, शिकारीच्या इस्टेटींनी लाल हरणांची संख्या वाढती ठेवली, वर मेंढ्या. बर्च, रोवन उगवतात, पण हेदरच्या वर डोकं काढलं की शेंडा खाल्ला जातो. गुडघ्याएवढं दिसणारं झाड वीस-तीस वर्षांचं निघू शकतं. ग्लेनफेशी या दरीत हरणांची घनता शिकारीने खूप खाली आणली आणि कुंपणाशिवाय, लावल्याशिवाय पाइन उगवून आले. चराई थांबली की टेकडी हिरवी होते हे तुमचं निरीक्षण तिथेही खरं ठरलं.

त्यामुळे बर्चबन यांच्याशी एका बाबतीत थोडा मतभेद. जिथे बी देणारी म्हातारी झाडं उभी आहेत, तिथे रोपं लावण्यापेक्षा हरणं कमी करणं हेच खरं काम. पाइनचं बी मातृवृक्षापासून बहुधा शंभरेक मीटरच्या आतच पडतं. त्यामुळे जिथे मैलभर एकही झाड नाही, तिथे लागवडीला पर्याय नाही. अस्पेन हे झाड तर तिथे क्वचितच फुलतं, त्याची वाढ मुळांच्या तुकड्यांपासूनच करतात. ट्रीज फॉर लाइफ या संस्थेने २००८मध्ये ग्लेनमॉरिस्टनमधली डंड्रेगन इस्टेट घेतली, सुमारे ४,००० हेक्टर, आणि तिथल्या रोपवाटिकेत अशा अवघड जाती वाढवतात. संस्था निवडताना 'इथे लावता का, आणि का?' असं विचारा. उत्तर देणारा माणूस बी कुठून येणार आणि हरणं किती हे सांगू लागला तर ती जागा चांगली.

कुंपणाचंही दोन्ही बाजूंनी पाहावं लागतं. लाल हरणासाठी १.८ मीटर उंच जाळी लागते. तिला कॅपरकॅली हा मोठा रानकोंबडा उडताना धडकून मरतो. २०२१-२२च्या गणनेत हे पक्षी ५३२च असल्याचा अंदाज आला. म्हणून जाळीवर उभ्या लाकडी पट्ट्या बांधतात आणि गरज संपलेली कुंपणं काढून टाकतात. हे काढणं स्वयंसेवकांकडे येतं आणि ते धोक्याचं आहे. ताणलेली तार कापली की चाबकासारखी उलटते. ताण सैल केल्याशिवाय, गॉगल आणि जाड हातमोज्यांशिवाय पक्कड लावू नका. काढलेले खिळे मोजून डब्यात टाका, हेदरमध्ये पडलेला खिळा पुढे एखाद्या प्राण्याच्या खुरात जातो.

आणि मनाची तयारी आधीच करा: जिथे जंगल परत येतं आहे तिथे हरणं मारली जातात. शाकाहारी, त्यातून वारकरी घरातल्या माणसाला हे जड जाऊ शकतं. स्वयंसेवकाच्या हातात बंदूक कधीच येत नाही, पण रस्त्याकडेला हरीण टांगलेलं दिसेल. ज्यांना ते सोसणार नाही त्यांनी नदीकाठचं किंवा दलदलीचं काम धरावं.

---

ओलेमोजे

आरोग्य आणि कपडे राहिले, ते मी लिहिते.

सह्याद्रीतल्या पावसाची सवय तिथे चकवते. आपला पाऊस २२-२४ अंशांचा असतो, भिजलं तरी चालत राहिलं की भागतं. तिथे ऑक्टोबरात आठ अंश, वारा आणि बारीक पाऊस दिवसभर. सुती टी-शर्ट, जीन्स अजिबात नको. आत लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, मधे फ्लीस, वर शिवणी बंद केलेलं जाकीट आणि पॅन्ट. आपले प्लॅस्टिकचे रेनकोट वाऱ्यात एका दिवसात फाटतात आणि आतून घामाने भिजवतात. हातमोजे दोन जोड्या, एक कामाचे, एक कोरडे पिशवीत. थरथर थांबून माणूस गप्प आणि गोंधळलेला झाला तर तो सावरला असं समजू नका, शरीराचं तापमान उतरतं आहे. काम थांबवा, कोरडे कपडे, गरम गोड पेय, आणि प्रमुखाला लगेच सांगा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला साडेचारच्या आतच सूर्य मावळतो, म्हणून डोक्याचा दिवा रोज जवळ ठेवा.

गोचीड. मार्च ते ऑक्टोबर जास्त, पण उबदार दिवस असला की नोव्हेंबरातही. तिची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात. पॅन्ट मोज्यात खोचा, रोज संध्याकाळी गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, कमरपट्ट्याखाली, केसांच्या कडेला एकमेकींना तपासा. लागलेली दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सावकाश सरळ ओढा. तेल, रॉकेल, काडी काही लावू नका, त्याने ती पोटातलं परत आत ओकते. गोचिडीतून होणाऱ्या लाइम या आजाराचा चट्टा ३ ते ३० दिवसांत उठतो आणि हळूहळू पसरतो. पुस्तकातला लालभडक गोल गोऱ्या कातडीवरचा असतो. सावळ्या कातडीवर तो जांभळट, मुका मार लागल्यासारखा दिसतो आणि नजरेतून सुटतो. त्यामुळे चावल्याची जागा आणि तारीख लिहून फोटो काढा, आणि परत आल्यावर ताप, अंगदुखी, चट्टा काही आलं तर इथल्या डॉक्टरांना 'स्कॉटलंडमध्ये गोचीड चावली होती' हे आपणहून सांगा. इथे हा आजार सहसा त्यांच्या डोळ्यांसमोर नसतो.

जून-जुलैत गेलात तर मिज नावाची चिलटं. वारा पडला, ढग आले की झुंडीने येतात. डोक्यावरची बारीक जाळी आणि फिकट रंगाचे कपडे लागतील. ऑक्टोबरात हा त्रास नाही. धनुर्वाताचा डोस दहा वर्षांपेक्षा जुना असेल तर जाण्याआधी घ्या.

विम्याबद्दल: प्रवासविम्याच्या बारीक अक्षरांत अंगमेहनतीचं काम बऱ्याचदा वगळलेलं असतं. 'हातअवजारांनी संवर्धनाचं स्वयंसेवी काम' चालतं का, हे कंपनीकडून लेखी घ्या. संस्थेचा विमा तिच्या चुकीपुरता असतो, तुमचा पाय घसरून मोडला तर रुग्णालयाचं बिल तुमचं.

जेवण: निवासी शिबिरांत शाकाहार नवा नाही, नोंदणी करतानाच लिहा. इथून नेताना दूध-तुपाचं काही नको. पेढे, बर्फी, साजूक तूप सगळं युरोपबाहेरून आणायला बंदी आहे. ताजा कढीपत्ता, बिया, रोपं हेही नाही. भाजणी, मेतकूट, कोरड्या चटण्या, पोहे यांवर चार आठवडे आरामात निघतात.

---

हिरवा_शिक्का

कोयनाकाठ, वेळेचं गणित असं बसवा. निवासी आठवड्यांच्या तारखा संस्था आधीच जाहीर करतात आणि जागा पटकन भरतात, म्हणून ईमेल आत्ताच. ऑक्टोबरच्या मध्याला जायचं तर व्हिसाचा अर्ज जुलैच्या मध्यापासून करता येईल. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात करा. व्हिसा हातात येईपर्यंत परतावा न मिळणारं तिकीट घेऊ नका.

ईमेल लहान ठेवा: तुम्ही दोघी, तारखा, ३० दिवसांच्या नियमाची तुम्हाला कल्पना आहे हे एक वाक्य, आणि मग घाणेरीचं काम नेमकं किती क्षेत्रावर, कुठल्या अवजारांनी, पुढच्या वर्षी फुटवे किती आले ते. 'निसर्गाची आवड आहे' हे सगळेच लिहितात. फुटव्यांची नोंद ठेवणारी माणसं त्यांना कमी मिळतात.

एजन्सीमार्फतच जायचं ठरलं तर दोन प्रश्न विचारा. लावलेली रोपं तीन वर्षांनी कोण मोजतं? आणि स्वयंसेवक नसतात त्या महिन्यांत काम कोण करतं? दोन्हींना माणसाचं किंवा संस्थेचं नाव मिळालं नाही तर पैसे भरू नका.

---

बर्चबन

डोंगरउतार यांचं लागवडीबद्दलचं म्हणणं मान्य. कोयनाकाठ, तुम्हाला दोन आठवडे किनाऱ्याकडे रोडोडेंड्रॉन आणि दोन आठवडे ग्लेनमॉरिस्टनकडे लागवड किंवा रोपवाटिका, अशी विभागणी सुचवतो. रोडोडेंड्रॉन आधी ठेवा, ते अंगमेहनतीचं आहे आणि ऑक्टोबरात दिवस मोठा असतो. संस्थेला जुनी साफ केलेली जागाही दाखवायला सांगा. उघड्या पडलेल्या मातीत आणि शेवाळात बारीक बी रुजून दोन-तीन वर्षांत कोवळी रोपं येतात, ती बोटांनी उपटायची फेरी बऱ्याच ठिकाणी माणसांअभावी राहून जाते. तुम्ही ती मागून घेतलीत तर त्यांना खरी मदत होईल, आणि 'आमच्यामागे त्यांचाच वेळ जातो का' या शंकेचं उत्तरही त्यात आहे: ही फेरी शिकायला अर्धा तास पुरतो.

बूट आत्ताच घ्या, घोट्याच्या वर येणारे, आणि येता पावसाळाभर ते घालून डोंगर चढा म्हणजे तिथे पायाला फोड येणार नाहीत. निघण्याआधी तळव्याच्या खाचांतली सगळी माती ब्रशने काढा, गरम पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळवा. किनाऱ्याकडून ग्लेनमॉरिस्टनला जाताना मधे हेच पुन्हा करा, रोडोडेंड्रॉनचं बी धुळीइतकं बारीक असतं आणि बुटाच्या चिखलातून सहज पुढच्या जंगलात जातं.